लुगड्यातली चाल

बाबूजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्या आवाजापेक्षा तुमचं खाकरणंच मला जास्त आठवतं. मी साठीला आले, शाळेतून रिटायर झाले. नागपूरची लेक म्हणाली, "आई, जन्मभर राहून गेलेल्या गोष्टींची यादी कर अन् एकेक करत जा." मला हसू आलं. आपल्याकडे या वयात यादी करायची ती किराण्याची. पण केली. स्कूटी शिकले, पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांचं कुंपण पाडलं. विमानात बसणं व्हायचंय. पोहायला गुडघे नाही म्हणाले. अन् सगळ्यात वर लिहिलं होतं, नाटकात काम करणे.

तुम्हाला राग येईल? येईलच. दिवाळीनंतर एकोडीला मंडईची जत्रा भरायची, तिथं भर दुपारी दंडारीच्या खेळात तुम्ही बाईचं सोंग घ्यायचात तेव्हा आईच्या लुगड्याच्या निऱ्या मी धरायची. एरवी धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा माझा बाप कुंकू लावून, पदर खोचून उभा राहिला की मला आईपेक्षा देखणा वाटायचा. हे आईला सांगितलं तर तिनं लाटणं उगारलं होतं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून चालताना तुम्ही संवाद म्हणायचात, तुमच्यामागून मी. एकदा खळ्यात तालीम चालली असताना मी मध्ये घुसून तुमची ती लचकत जाणारी चाल चालून दाखवली. माणसं हसली. तुम्ही नाही हसलात. "हे पोरीचं काम नोहोय. घरी जाय," एवढंच म्हणालात. बाईचं काम, अन् ते पोरीचं नाही! मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही सानगडीच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या, काही माझ्या मापाच्या, काही सोंगासाठी तुमच्या मापाच्या. माझी समजूत काढायची तुमची तऱ्हा तीच. मी लगेच विरघळले.

तर यंदा गावच्या मंडळाच्या नाटकात मला सासूचं काम मिळालंय. पहिल्या तालमीला मी पदर खोचला, कमरेवर हात ठेवला, मान वेळावली आणि चालले. आमच्या दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "मॅडम, असे काहून चालून राहिले तुम्ही? लुगडं नेसलेला बाप्या वाटून राहिले! परवापर्यंत सुधारा, नाही तं काम दुसरीले द्या लागन." सगळे खो-खो हसले. मीही हसले. जन्मभर बाई म्हणून चालले, अन् स्टेजवर चढल्याबरोबर पाय तुमचे झाले. दुसऱ्या कोणाला नट म्हणून मी इतक्या जवळून पाहिलंच कुठं होतं?

दोन दिवस अंगणात चालत होते. साधं चालायचं, रोज शाळेत जात होते तसं. जमत होतं, पण दर वेळी तुम्हालाच दाराबाहेर काढल्यासारखं वाटायचं. काल तालमीत दिग्दर्शकाला तसंच चालून दाखवलं. "आता कशी सासू दिसून राहिले!" तो खूश झाला. काम राहिलं. लेकीनं फोनवर आनंदानं किंचाळून घेतलं, अन् मी फोन ठेवून पदरात तोंड खुपसून रडले.

तिला त्यातलं काही सांगितलं नाही. हा कागदही कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. यादीत ते मी अर्धंच लिहिलं होतं, बाबूजी. मला तुमच्याबरोबर काम करायचं होतं.