तू सोडलेला बग्गीखाना

प्रिय दादा,

रविवारी बग्गीखान्यातलं वाचनालय सुरू झालं. कार्यक्रम संपल्यावर एका मुलीनं माझ्यापुढे अभिप्रायाची वही धरली. "मॅडम, दोन ओळी लिहा ना." मी पेन घेऊन कितीतरी वेळ उभी राहिले आणि शेवटी लिहिलं, 'छान जपलं आहे.' पोरांना निबंध शिकवणाऱ्या बाईला तीनच शब्द सुचले! अहेरीला परत आले तरी ते तीन शब्द टोचत राहिले. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून तुलाच लिहायला बसले. तुझ्याशी बोलायचं राहिलेलं मी लोकांच्या वहीत कसं लिहू?

या जागेची सगळी कथा मला तूच सांगितलीस. सगळं चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, परकोटाच्या भिंतीआत राहत होतं तेव्हा जटपुरा दरवाजाबाहेर जे पहिले चार-सहा बंगले उठले, त्यातला एक वकीलसाहेबांचा. लोक म्हणायचे, शहर सोडून जंगलात काऊन राहाले गेले हे? कोर्टात जायला बग्गी, आणि बग्गीसाठी बंगल्याच्या मागे हा बग्गीखाना. आलापल्लीच्या सागाचं दार, कोचवानाला बग्गीवर बसल्याबसल्या आत येता यावं इतकं उंच. चाक भिंतीला घासू नये म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना बुटके गोल दगड. वर माळा. माळ्यावर घोड्याचा चारा, आणि चाऱ्याच्या शेजारी झोपायचा तो कोचवान, आपला आजा.

पुढे बग्गी गेली, मोटार आली. ती आपल्या बाबांनी चालवली. मग मोटारही गेली, वकिलांची नातवंडं नागपूरला राहायला गेली, आणि बाबांनी बग्गीखाना भाड्यानं घेऊन तिथंच स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं.

बाबा गेले तेव्हा तू अकरावीत होतास. गणित केवढं चांगलं होतं रे तुझं! तू कॉलेज सोडलंस आणि पाना हातात घेतलास. माझं डी.एड. झालं, मी मास्तरीण झाले, ते तुझ्या त्या पान्यावर. एकदा मी विचारलं होतं, "दादा, तुले वाईट नाई वाटत?" तू इंजिनातून मान वर न काढता म्हणालास, "वाईट वाटाले टाइम कुठी हाये?"

म्हणून तर तुला तो दुकानाचा गाळा मिळायला हवा होता. बंगला विकला गेला, नव्या मालकानं तो पाडलाही. तिथं दुकानांची इमारत होणार होती. राहिला फक्त मागचा बग्गीखाना, आणि त्यात जुना भाडेकरू तू. मालक म्हणाला, पाडायच्या कागदावर सही कर, नव्या इमारतीत रस्त्यावरचा गाळा तुझा. मला काय आनंद झाला होता! शटर असलेला गाळा, डोक्यावर पंखा, उठबस करायला खुर्ची. आयुष्यात एकदा तरी तुला नीट बसून काम करता आलं असतं.

आणि तू सही केली नाहीस. इतिहासाच्या एक प्राध्यापिका टेप घेऊन भिंती मोजायला येत होत्या. त्यांनी तुला सांगितलं होतं की परकोटाबाहेरच्या त्या पहिल्या वस्तीतलं आता एवढंच उरलंय. त्यांच्या समितीला ते वाचवून तिथं वाचनालय करायचं होतं. पण तिथं मग गॅरेज चालणार नव्हतं. म्हणजे गाळाही गेला आणि होती ती जागाही!

फोनवर मी काय काय बोलले तुला! "तुले काही कळते का? आजाची बग्गी हाये का आता तिथी? म्हातारपणी कोण पाहील तुले?"

"सुमे, मी सही केली का दोन दिवसांत जेसीबी लावतीन."

"लावू दे!"

तू म्हणालास, "आजानं कधी म्हटलं नाई का हे आपलं हाये. बाबानं नाई म्हटलं. मीबी नाई म्हणत. पण पाडा म्हणणारा मी कोण?"

मी फोन ठेवून दिला.

मग तू समितीला जागा रिकामी करून दिलीस आणि बल्लारपूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये गेलास. मे महिन्यात एकदाच आले मी तिथं. उन्हात पडलेला पाना तू फडक्यानं धरत होतास. मला ते बघवेना, आणि बघवत नाही म्हणून मी तुझ्यावरच चिडले. तू मागवलेला चहा अर्धा टाकून उठले. त्या वर्षी भाऊबीजेला आले नाही. प्रशिक्षण आहे असं खोटं सांगितलं. तू म्हणालास, "बरं. सवडीनं ये." दादा, एकदा तरी ओरडायचं होतंस ना माझ्यावर! ओरडला असतास तर मी रडत रडत का होईना, आले असते.

माघात तू गेलास. शेडमध्ये, कुणाच्या तरी स्कूटरची टाकी बसवता बसवता.

खरं सांगू? रविवारी मी जाणारच नव्हते. प्राध्यापिकाबाईंचे दोन फोन आले म्हणून गेले. दार तेच, फक्त तेलपाणी करून उजळलेलं. आत बुटकी कपाटं, पुस्तकं, भिंतीवर जुने नकाशे. मी तुला शोधत होते. पण कुठंच काही नव्हतं! खाली दगडी फरशी अशी स्वच्छ, जणू तिथं कधी एक स्कूटरही उघडली नाही. माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात नामदेवभाऊ उभे होते, दुरुस्तीचं काम केलेले गवंडी. मी त्यांच्यावरच घसरले. "इथी माह्या भावाचं गॅरेज होतं. त्याची एक खूण नाई ठेवली तुम्ही?"

ते बिचारे गडबडले. "बाई, आमी नाई पुसली. त्यानंच पुसली."

"म्हणजे?"

"दिवाळी झाल्यावर रोज दुपारी शेड बंद करून येत होता. सोडा, इटेची भुकटी, ब्रश. तीस वर्षांचं ऑइल मुरलं होतं दगडात. मी म्हटलं, भाऊ, नवीन फरशी टाकून देतो. तर म्हणे, नाई, माह्या हातानं झालं, माह्याच हातानं निघन. महिनाभर गुडघ्यावर बसून घासली पाहा." मग म्हणाले, "म्हणे, माही बहीण मास्तरीण हाये. तिचे पोरं येतीन इथी, खाली बसतीन. त्याइच्या कपड्याले डाग नाई लागला पाहिजे."

महिनाभर, दादा! त्याच दिवसांत मी तुझे फोन उचलत नव्हते. आणि तू माझी पोरं तिथं बसलेली बघत होतास?

पाहुणे समोसे खात उभे होते. मी त्या सगळ्यांच्या मधोमध, नव्या साडीत, फरशीवर बसले. गार होती. हात फिरवत राहिले. प्राध्यापिकाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मग त्याही शेजारी बसल्या. दाराजवळच्या फलकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आजोबांचं आणि वडिलांचं नाव तुमच्या भावानं सांगितलं. त्यांचं स्वतःचं विचारलं की ते माझ्या गाडीचा ब्रेक तपासायला लागायचे." आम्ही दोघीही हसलो, आणि मग मला हसता येईना.

तुला माफी मागितलेली आवडायची नाही. तरी मागते. माझं चुकलं, दादा. तुझ्या सुखाची काळजी मी केली, पण तुला कशात सुख वाटतं हे एकदाही विचारलं नाही.

वार्षिक परीक्षा संपली की माझी चौथीची सगळी पोरं एसटीनं चांद्याला आणणार आहे. पालकांना चिठ्ठ्याही लिहून ठेवल्या. बग्गीखान्यात सगळ्यांना खाली बसवीन, पुस्तकं वाटीन, आणि आजापासून सुरू करून सगळं सांगीन. आपलं भांडणही सांगीन, अर्धा टाकलेला चहाही. आणि फलकावर जे नाव नाही, ते त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणून घेईन. कुणीतरी विचारेलच, "मॅडम, हा कोण होता?" तेव्हा त्या फरशीवर हात ठेवून मी उत्तर देईन. हे वचन आहे तुला.

तुझीच,
सुमी