परांचीवरचा शकील आणि ताप मोजायचं पिस्तूल

धुळे, साक्री रोड
एप्रिल २०२१

ती. रुपचंद नानांना,

धाकट्या प्रेमराजचा दोन हात लांबूनच नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि बागेतली केळी, बठ्ठं ठीक असेल अशी आशा करतो. मी बरा आहे (निदान इथले लोक तसं सांगतात, पण सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही). फोन न करता चंदनच्या टेम्पोतून चिठ्ठी पाठवतोय, कारण फोन लावला की आधी फोनमधली ती बाई मला हात धुवायला सांगते, आणि नंतर आपलं बोलणं ती ऐकत बसत नसेल कशावरून?

गावभर बंद असलं तरी आमचं बांधकाम चालू आहे. मजूर साइटवरच राहिले तर चालेल असा हुकूम आहे, म्हणून आम्ही सगळे इथंच पत्र्याच्या खोल्यांत. मी मुकादम, म्हणजे भांडणं माझ्याकडे. त्यात ठेकेदारानं मजुरांची सुरक्षा बघायला मेघाताई म्हणून एक मुक्ताईनगरकडची मुलगी आणली. नाना, जो माणूस उन्हाळ्यात प्यायला गार पाण्याचा माठ देत नव्हता, तो एकदम साबण, मास्क आणि उंचावर काम करणाऱ्यांना सेफ्टी बेल्ट द्यायला लागला, तर माणसानं काय समजायचं? मी साबणाचा वास घेऊन बघितला. साबणच होता. त्यामुळे संशय आणखी वाढला. मग एका खोलीतली माणसं निम्मी केली. मी ओळखलं, आम्ही एकत्र बसून काही ठरवू नये म्हणून ही फाटाफूट.

पुढे माझ्या हातात ताप मोजायचं पिस्तूल आलं. रोज सकाळी फाटकावर उभं राहून प्रत्येकाच्या कपाळावर ते रोखायचं. आता त्यातून काय सुटतं कोण जाणे! आपल्या माणसांच्या कपाळात काही घुसायला नको, म्हणून मी ते हेल्मेटवर रोखायचो. सगळे ठणठणीत निघायचे, ताई खूश, मी खूश.

त्यात आमचा शकील गवंडी एकदम वेगळा वागायला लागला. जेवताना लांब बसायचा, बोलायचा नाही, आणि दुपारी सिमेंटच्या गोडाऊनमागं गायब व्हायचा. मी म्हटलं, गोण्या चालल्या! एके दिवशी दबकत मागं गेलो. हा पठ्ठ्या डोक्यावर ओला गमछा टाकून आडवा पडलेला. म्हणाला, "उन्हाचं आहे, मुकादम. कुणाला सांगू नका, घरी बसवतील." मी हो म्हटलं, गोण्या जागेवर आहेत ना ते बघितलं आणि निघून आलो.

त्याच दिवशी चहानंतर तिसऱ्या मजल्यावर परांचीवर प्लास्टर करता करता शकीलला चक्कर आली आणि तो बाहेरच्या बाजूला कलंडला. खालच्या बायांची किंकाळी ऐकू आली. मी वर धावलो तर तो बेल्टला लोंबकळत होता, मान खाली पडलेली. बेल्ट तरी का होता, तर मेघाताई सकाळी तो बांधून होईपर्यंत खाली उभी राहिली होती म्हणून. मी आणि बिगारी झिपरूनं दोर धरून त्याला आत ओढलं. त्याचा हात इतका भाजत होता, नाना, की दोन हात अंतर वगैरे काही सुचलंच नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि 'शकील, ए शकील' करत राहिलो.

मेघाताई आली, घाम पुसत विचारायला लागली की एवढा ताप सकाळी कसा कळला नाही? मी यंत्रात दोष असेल असं म्हणणार, तोच झिपरू बोलला, "ताई, मुकादम रोज हेल्मेटनाच ताप मोजस!"

ती माझ्यावर ओरडली नाही. (याचाही मला संशय आला.) आधी शकीलला दवाखान्यात पोचवलं. मग ठेकेदाराला सगळ्यांसमोर उभं करून वदवून घेतलं, की आजारी पडेल त्याची जागा राहील आणि रोजंदारीही बुडणार नाही. आमचा कुणाचाच विश्वास बसला नाही. पण शकील परत आला, त्याला तळमजल्यावरची हवेशीर खोली मिळाली, त्याच्या बायकोचा, सितारावहिनीचा, घरून फोन आला की पैसे पोचले. त्या संध्याकाळी आणखी तिघे खाली मान घालून ताईकडे गेले. त्यांनाही ताप होता. मी पिस्तूल घेतलं आणि एकेकाच्या कपाळावर नीट रोखलं. काही घुसलं नाही.

माझी कोरोनाची तपासणी निगेटिव्ह आली. दुसऱ्यांदा करून घेतली, तीही तशीच. बघू.

आपला,
प्रेमराज

ता. क. वहिनींनी कळवलं, लसवाले आले की तुम्ही केळीच्या बागेत जाऊन बसता. नाना, हे शोभतं का? आपल्या घरात तुम्हीच मोठे. या शुक्रवारी यावलला जाऊन लस घ्याच. गळ्याची शपथ.

आणखी एक. घेतल्यावर हात वर जातो का, रात्री झोप लागते का, नातवंडांची नावं न चुकता सांगता येतात का, ते चंदनबरोबर रविवारच्या आत नक्की कळवा. सोमवारी लसवाले इथं साइटवर येणार आहेत, आणि मेघाताईनं पहिला नंबर माझा लावलाय.