मामांनी लिहून दिलेलं ‘काही नाही’

४ जून
ती. दादास, शि. सा. न.

धाकटी दीड महिना पलंगावरून उठलेली नाही. छापखान्यात मुद्रितं तपासणारी तुझी भाची, पण आता समोरचा कागदही वाचत नाही. केस विंचरते तेही मीच. डॉक्टर नैराश्य म्हणतात. हे रक्तातून येऊ शकतं, येतंच असं नाही, म्हणाले. औषध देण्याआधी त्यांनी विचारलंय, घराण्यात कुणाला असं होतं का, कुणाला मधूनच अतोनात उत्साह चढायचा का. तिच्या वडिलांकडे कुणी नाही, नणंदेला विचारलं. आपल्याकडचं तुलाच ठाऊक. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. लवकर कळव. वहिनीला आठवण सांग.
तुझी ठकू

९ जून
चि. ठकूस, अ. आ.

पत्र वाचून हसू आलं. हल्ली डॉक्टरांना रोग सापडला नाही की ते आजोबा शोधतात. बाबा कर्तबगार होते, हृदयविकाराने गेले. आपलं रक्त चोख आहे. नणंदेचं खरं मानणारी तू भोळसट. नवऱ्याकडची भानगड आमच्या दारात आणू नकोस. पोरगी लाडावली आहे. तुझ्या शिलाईच्या दुकानात काजं करायला बसव, चार दिवसांत सुतासारखी सरळ येईल. डॉक्टरांना ठणकावून सांग, मामांनी लिहून दिलंय : काही नाही.
चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय. आशीर्वाद आहेतच.
दादा

२ जुलै
दादास,

नमस्कार शेवटी उरला तर घालीन. तुझं ‘काही नाही’ दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ती उठली, ती बसेचना. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. गिऱ्हाइकांची सतरा कापडं एका झपाट्यात कापून टाकली; जगात कुणी शिवला नाही असा सदरा सुचलाय म्हणे. अडवलं तर आधी हसली, मग अंगावर आली. आता इस्पितळात आहे. गोळ्या थांबवल्यात आणि डॉक्टर पुन्हा तेच विचारताहेत.

काल मावशीला फोन केला. म्हणाली, दादालाच विचार, तुझे बाबा गेले तेव्हा खोलीचं दार त्यानेच फोडलं होतं.

दिवसभर लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतोस, आणि स्वतः? अशा भेकडाला मी वडीलधारा मानत होते. आता तरी खरं लिही.

नमस्कार उरला नाही.
ठकू

५ जुलै
ठकू,

दार मीच फोडलं. सतरा वर्षांचा होतो. त्याआधी वर्षभर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. त्याच्याही आधी दोन महिने झोपलेच नव्हते. नोकरी सोडून तीन गाळे घेतले, पाट्या रंगवल्या. विकायचं काय, ते ठरलं नव्हतं. लोक धडाडीचं कौतुक करत होते. आई म्हणाली, बाहेर हृदयविकार सांगायचा. पुढे मलाच ते खरं वाटू लागलं, असं लिहिणार होतो. पण तेही खोटं. मला लाज वाटायची, बाबांची.
हे डॉक्टरांना दाखव. माफी मागायला तोंड नाही.
दादा

२० ऑगस्ट
दादास, सा. न.

तुझं पत्र पाहून डॉक्टरांनी औषधच बदललं. धाकटी घरी आली. फार बोलत नाही, पण काल शेजारणीशी कुत्र्यावरून भांडली. मला इतकं बरं वाटलं!

तुझं पत्र तिला दिलं. लपवणं हे तुझं खातं. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, आजोबांना तेव्हा कुणी डॉक्टरकडे नेलं होतं का. मला माहीत नाही. तुला आहे. तिला तूच लिही, आणि तुझ्या मुलांनाही सांग.

मला अजून तुझी किळस वाटते. कमी झाली की कळवीन. तोवर लोभ मागू नकोस; पत्र मात्र पाठवत राहा.
ठकू