बाबांसाठी दोन इंच

४ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या उशाशी असतो, म्हणून पत्र. या घरात तुझं नाव नऊ वर्षं निघालेलं नाही. आता इलाज उरला नाही, म्हणून मी काढते आहे.

बाबांचा डावा पाय साखरेपायी गुडघ्याखालून कापला, हे तुला कळवलं होतं. आता मूत्रपिंडंही थकली. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेऊन रक्त मशीनवर धुऊन आणावं लागतं. गाडी मी चालवते, त्याची कटकट नाही. कटकट आहे ती त्यांना गाडीत बसवण्याची. आई गेल्यावर त्यांनी हट्टाने ही उंच गाडी घेतली, बुटकी गाडी डोळ्यांसमोर नको म्हणून. आता कुबडीवर उभं राहून मागे सरकले, तर सीट कमरेला लागते. पायरी ठेवून पाहिली, तर म्हणाले, चढायला दुसरा पाय तुझा बाप देणार आहे का? आणि स्वतःच हसले.

मग समोरचे दोघे शेजारी उचलायला आले. उचलताना भर रस्त्यात बाबांचा पायजमा सुटला. त्यानंतरच्या दोन्ही फेऱ्यांना ते गेले नाहीत. मेलो तरी चालेल, पण पोत्यासारखा उचलून घेणार नाही म्हणतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर पंधरा दिवससुद्धा काढणार नाहीत. दर वेळी अँब्युलन्स बोलवायची तर मला घर विकावं लागेल.

गाडी तीन-चार इंच खाली आणता येते ना? हे तुला विचारते आहे, याची मला लाज वाटते. पण दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझी, धाकटी

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मी स्प्रिंगला हात लावत नाही. इथे वर्कशॉपमध्ये फक्त इंजिनं उघडतो. स्प्रिंगचं काम आलं की दुसऱ्याकडे सरकवतो. मालक मला अर्धा मेकॅनिक म्हणतो आणि पगारही तसाच देतो.

एकवीस वर्षांचा होतो. मित्रांपुढे मिरवायचं होतं आणि खिशात दमडी नव्हती. बाबांना न विचारता गॅसची बत्ती लावून त्यांच्या गाडीच्या स्प्रिंगा लाल केल्या. गाडी चार इंच बसली, खर्च शून्य. तापवलेल्या पोलादाचा कस जातो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अडीच महिन्यांनी वळणावर पुढची स्प्रिंग तुटली. बाबा चालवत होते, शेजारी आई होती. पुढचं तू पाहिलंस. बाबांनी सगळ्यांसमोर मला आईचा मारेकरी म्हटलं, ते खोटं नव्हतं.

तू गाद्या शिवतेस ना? मग गाडी सोड, सीट धर. चार बोल्ट काढलेस की सीट बाहेर येते. कव्हर उसवून खालच्या अंगाने फोम काप. दीड-दोन इंच सहज मिळतील. बाबांना बोचेल, पण ते बोलून दाखवणार नाहीत.

तुझा, दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोम कापला. दीड इंच मिळाला. बाबा बसून म्हणाले, की एवढ्यात माझी हाडं मोजून होतील. पण अजून दोन इंच कमी पडतात.

म्हणून मी त्यांच्या बाजूच्या दोन्ही चाकांची हवा सोडते. गाडी कलते, ते कसेबसे बसतात, मग मी पायपंपाने हवा भरते. आख्खी गल्ली मजा बघते आणि बाबा आत बसून मला मोठ्याने आकडे मोजून दाखवतात. दोनदा जमलं. काल पंप बिघडला. चाळीस मिनिटं उशीर झाला आणि मशीन दुसऱ्या पेशंटला देऊन टाकलं. परत येताना त्यांचा चेहरा सुजला होता. मी रस्त्याकडे बघायचं सोडून आरशात त्यांच्याकडेच बघत होते.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, शनिवारी गाडी आण, बत्ती लावून अर्ध्या तासात दोन इंच बसवून देतो. दोन गाद्यांच्या शिलाईत काम होईल. तो म्हणतो, थोडंच तापवलं तर काही होत नाही. मला भीती वाटते, पण शनिवारी नाही नेली तर बाबा जातीलच. हे तुला विचारून करते असं समजू नकोस, नुसतं सांगते आहे.

तुझी, धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र आमच्या ट्रकवाल्याच्या हाती पाठवतोय, उद्या सकाळी मिळेल. त्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नकोस. थोडंच तापवणं असं काही नसतं. मलाही तेव्हा थोडंच वाटलं होतं.

मी शनिवारी येतोय. तुमच्याच गाडीचं एक बुटकं मॉडेल निघालं होतं, त्याच्या स्प्रिंगा दोन इंच आखूड आणि तारेने जाड असतात. बसतात अगदी मुळातल्यासारख्या. नव्या घ्यायची ऐपत नाही, म्हणून भंगारवाल्याकडे बसून सहा गाड्यांमधल्या चार निवडल्या. प्रत्येक स्प्रिंग घासून, तेल लावून, भिंगाखाली पाहिली. एक तर नुसत्या शंकेवर फेकली आणि दुसरी शोधली.

बाबांना सांग की मेकॅनिक येणार आहे. मुलगा येणार आहे असं सांगू नकोस.

तुझा, दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं एक ओळीचं कार्ड मिळालं. कंजूष.

तू दोन दिवस गाडीखाली होतास आणि बाबा दोन दिवस खिडकीत. मी चहा घेऊन दोघांच्या मध्ये येरझारा घातल्या. तुला वाटलं असेल त्यांचं लक्ष नव्हतं. दुपारी ते झोपलेही नाहीत. तू गाडीच्या चारी कोपऱ्यांवर भार देऊन बघत होतास तेव्हा त्यांची बोटं खिडकीच्या गजावर आवळलेली होती.

मग ती चाचणी. काचा खाली करून त्या खड्ड्याच्या रस्त्यावरून मला सहा वेळा गाडी न्यायला लावलीस, आणि दर वेळी मागे वळून बाबांना विचारलंस, की काही वाजतंय का. सहाही वेळा त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला राग आला होता. एकदा तरी नाही म्हणायला काय जात होतं?

तू गेल्यापासून एकही फेरी चुकलेली नाही. कुबडी टेकतात, मागे सरकतात, बसतात, हाताने पाय आत घेतात आणि दार स्वतः ओढतात. पहिल्या दिवशी मी रडले, तर म्हणाले, उशीर होतोय.

पण त्यांचं जेवण तुटलंय. परवा कागद मागितला. दोन दिवस लिहीत होते. मला वाचू दिलं नाही, पाकीट स्वतः चिकटवलं. सोबत पाठवते आहे. मला वाटतं, त्यांचं मन वळलं आहे. वाचून मला लगेच कळव.

तुझी, धाकटी

२५ फेब्रुवारी

चि. मोठ्यास,
आशीर्वाद लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ते वाचून तू ठरव.

तू सहा वेळा विचारलंस, काही वाजतंय का. या खेपेला नाही वाजलं. नऊ वर्षांपूर्वी वाजत होतं.

तू गाडी खाली केलीस म्हणून मी तुझ्याशी बोलत नव्हतो, आठवत असेल. अपघाताच्या चार दिवस आधीपासून पुढून डाव्या बाजूने ठक ठक येत होतं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस मी. स्प्रिंगला तडा गेलाय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. गाडी उभी करायला हवी होती. तुला हाक मारून दाखवायला हवं होतं. पण मला तुझी खोड मोडायची होती. तुझं तुला ऐकू येऊ दे, तू येऊन चुकलो म्हण, मग बघू, असं मनात धरून बसलो.

त्या सकाळी तुझ्या आईने विचारलं, हा आवाज कसला. मी म्हणालो, तुझ्या लेकाचं कर्तृत्व आहे, वाजू दे. पुढे दहा मिनिटांत वळण आलं.

नंतर दोष तुझ्यावर टाकणं सोपं होतं. तू मान खाली घालून घेतलास, तेव्हा आणखी सोपं झालं. तुला गाडीखाली कान लावून पडलेलं पाहिलं, आणि मला अन्न जाईना.

बाबा

५ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

पत्र मिळालं. सहा दिवस उत्तर लिहून फाडतोय.

स्प्रिंगा मी तापवल्या होत्या, तो दोष माझाच, तो मी कुणाला देत नाही. पण चार दिवस तुमचे होते. त्या चार दिवसांत मी त्याच घरात जेवत होतो, त्याच गाडीशेजारून जात-येत होतो. एक शब्द बोलला असतात तर आई असती. नऊ वर्षं मी लग्न केलं नाही, माझ्या हातून आणखी कुणी जाईल म्हणून. तुम्ही मला तसं जगू दिलंत. याची माफी मागितली नाहीत ते बरं केलंत, माझ्याकडे आज द्यायला नाही. पुढे असेल की नाही, माहीत नाही.

धाकटीला वाटतं, तुम्ही मला माफ केलंत. तिला खरं तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.

बदललेल्या स्प्रिंगा महिनाभरात जागा घेतात, तेव्हा नट पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी १८ तारखेला येईन. आपण बोललंच पाहिजे असं नाही. फेऱ्या मात्र चुकवू नका.

तोवर एक काम तुमच्याकडे सोपवतोय. गाडी धाकटी चालवते, तिचं लक्ष रस्त्याकडे असतं आणि तिला त्यातलं कळतही नाही. तुमचा कान अजून शाबूत आहे. पुढून, मागून, कुठूनही काही वाजलं, तर माझ्यावर कितीही राग असू दे, त्याच क्षणी तिला सांगा.

तुमचा, मोठा