वीस अंश जास्त

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय. मनात दुसरंच काहीतरी होतं, पण आई शेजारी भाजी निवडत बसलीये आणि मी काय लिहिते ते डोकावून वाचायची तिची खोड तुला माहीत आहे. मंगळवारपासून तू सात वेळा फोन केलास, मी एकदाही उचलला नाही. सोमवारी तुझ्या गॅरेजवरून गेले तेव्हा हॉर्नसुद्धा दिला नाही. घाबरला असशील, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. मी धडधाकट आहे. गाडी धडधाकट आहे, तेल मागच्याच आठवड्यात बदललंय. बिघडलेली वस्तू एकच आहे आणि ती तू मला दिलेली आहेस. फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. तू 'गाडी काय म्हणते' एवढं विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्याकडे कुणीतरी गिऱ्हाईक येतं. कागदावर तुला गिऱ्हाईक येणार नाही, तेव्हा आता शेवटपर्यंत वाच.

दीड वर्षापूर्वी माझी बदली घाटावरच्या बाजारांकडे झाली, तेव्हा तू हो म्हणाला नाहीस की नाही म्हणाला नाहीस. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. मग आठ दिवसांनी आपणहून घाट उतरून खाली आलास, आई देवळात गेल्याची खात्री करून घरात शिरलास आणि माझ्या हातात एक डबी ठेवलीस. आत ती तबकडी होती. इंजिनात तेल ओतायच्या तोंडावर झाकणाऐवजी बसवायची, खालची दांडी तेलात बुडणार, वरचा काटा तेल किती तापलंय ते दाखवणार. मला कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तू समजावलंस की मोटरसायकलचं हे इंजिन फक्त वाऱ्यावर थंड होतं, मागच्या पेट्यांत माझी सरकारी वजनं, चढ दुसऱ्या गियरचा, वारा कमी आणि ओझं जास्त. काटा एकशेवीसवर आला की थांबायचं. इंजिन बंद. वर पाणी ओतायचं नाही, नुसतं बसायचं, काटा नव्वदच्या खाली उतरेपर्यंत. हे तू माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलंस. मग बसवून देतो म्हणून गाडी वर घेऊन गेलास आणि तीन दिवस ठेवून घेतलीस. एक झाकण बसवायला तीन दिवस कसे लागतात, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

मी थांबले, दादा. दीड वर्ष, दर खेपेला, उन्हात, धुक्यात, एकदा तर ताप अंगात असताना. घाटातल्या त्या ओढ्यावरच्या दगडी मोरीच्या कठड्यावर बसून राहिले, वीस-वीस मिनिटं, कधी अर्धा तास. ट्रकवाले मला 'मोरीवाल्या बाई' म्हणतात हे तुला माहीत आहे का? एकाने मला बसायला पोत्याची घडी आणून दिली. आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस, कारण माझं काम काय आहे ते तुला चांगलं ठाऊक आहे. मी लोकांचे तराजू तपासते. न सांगता जाऊन तपासते, त्यातच सगळं आलं. मी मोरीवर बसलेली दिसले की येणारा-जाणारा वर फोन करायचा, आणि मी बाजारात पोचेपर्यंत एकूण एक काटा धुतल्या तांदळासारखा. तो धान्याचा ठोक व्यापारी, दहा किलोमागे दोनशे ग्रॅम मारतो हे लहान पोरही सांगेल, त्याच्याकडे मी चार वेळा गेले आणि चारही वेळा त्याचं माप केसभरही चुकलं नाही. वर मलाच चहा पाजून विचारतो, बाई, गाडी झाली का थंड. ऑफिसात साहेबांनी मला दोनदा बोलावून घेतलं की तुमच्या भागात एकही केस कशी नाही. मी काय सांगणार होते, तेल तापलं म्हणून?

आता ऐक. मागच्या गुरुवारी तेल बदलताना तबकडी काढली, पुसली आणि पिशवीत टाकून तशीच ऑफिसात गेले. आमच्या लॅबमधल्या ताई त्या दिवशी थर्मामीटर तपासत होत्या, भांड्यात पाणी उकळत होतं. गंमत म्हणून तुझी तबकडी तिथे बुडवली. काटा एकशेवीसवर जाऊन उभा राहिला. उकळत्या पाण्यात एकशेवीस. आमचं शहर घाटाखाली आहे, इथे पाणी शंभरालाच उकळतं. तुझ्याकडे वर ते सत्त्याण्णवला उकळतं हे मलाही कळतं, ती पळवाट काढू नकोस. ताई म्हणाल्या, जुनी वस्तू असेल, बिघडली असेल. मीही तेच धरून चालले होते. पण मग आम्ही पाणी निवू दिलं आणि शेजारी प्रमाणित थर्मामीटर ठेवून एकेक आकडा लिहिला. ऐंशीला शंभर. साठला ऐंशी. बिघडलेलं माप कुठे कमी चुकतं, कुठे जास्त चुकतं, दहा वर्षं मी हेच बघत आले आहे. प्रत्येक ठिकाणी मोजून वीस चुकणारं माप बिघडलेलं नसतं, ते कुणीतरी बसून फिरवलेलं असतं.

तबकडी उलटी केली. मागे काटा जुळवायचा बारीक स्क्रू, आणि त्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका. जगात एकच माणूस आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो, आणि ती बाटली त्याने माझ्याच कपाटातून ढापलेली आहे. माझा अगदी चेहरा उतरला. ताईंनी विचारलं, कुणाची आहे, केस करायची का. मी म्हटलं घरचंच आहे. अरे, मी यासाठी लोकांना दंड करते. पारड्याखाली लोहचुंबक लावणाऱ्या म्हाताऱ्याला मी सोडलं नाही, त्याची सून रडत होती तरी सोडलं नाही. आणि माझ्या स्वतःच्या मांडीखाली दीड वर्ष खोटं माप घेऊन मी गावोगाव फिरत होते. माझ्या तोंडाला पानं पुसलीस तू. दुसरं कुणी हे केलं असतं तर मी समजू शकले असते. तुला तर माहीत आहे की चुकीचं माप काय करतं.

सोमवारी मी तबकडी परत बसवली आणि वीस मनातल्या मनात वजा करत घाट चढले. ठरवलंच होतं की थांबायचं नाही. काटा चढत चढत एकशेवीसला आला, म्हणजे खरे शंभर, म्हणजे अगदी आरामाचं तेल. मान वर केली तर समोर मोरी. नेहमीचीच. तिच्या पुढचं वळण ते वळण. दीड वर्ष मी तिथे बसत आले आणि मला वाटत राहिलं की इंजिन नेमकं तिथेच तापतं, काय हा योग. योग कसला आलाय. तीन दिवस तू माझी गाडी वजनं लादून त्या चढावर वर-खाली फिरवलीस आणि स्क्रू असा आवळलास, की बाबा पडले त्या वळणाआधी मला थांबावंच लागेल. थंड इंजिन घेऊनच मी तिथून जावं, म्हणून. मी थांबले नाही, तशीच वळण काढून गेले. तुझ्या गॅरेजसमोर तू कुणाच्या तरी गाडीपाशी उकिडवा बसला होतास, मागे तीच जुनी पाटी, तेलाची पातळी फुकट बघून मिळेल. तिथे थांबले असते तर भर रस्त्यात तुला बदडलं असतं किंवा गळ्यात पडून रडले असते. दोन्ही नको होतं.

एका वाक्यात सांगता आलं असतं तुला. बाबांच्या वळणाआधी थांबत जा, मला भीती वाटते. मी थांबले असते. पण तू बोलणार नाहीस, स्क्रू फिरवशील. तुझं हे आजचं नाही, बावीस वर्षांचं आहे, आणि माझा खरा राग त्यावर आहे. तेव्हा आता ते लिहिते, जे आपण दोघांनीही कधी तोंडातून काढलेलं नाही.

मी अकरा वर्षांची होते, तू एकोणीसचा. बाबा वरच्या गावांमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करायला निघाले होते, मागे अख्खं मशीन बांधलेलं. गाडी तू बघायचास. त्या दिवशी तुझे हात चेनमध्ये काळे झाले होते म्हणून तू मला म्हणालास, भिंगरी, तेल बघ. तू मला शिकवलं होतंस, तेल मोजायची दांडी पुसायची, नुसती टेकवायची, फिरवायची नाही, मग बाहेर काढून खूण बघायची. मला मैत्रिणी बाहेर हाका मारत होत्या. मी दांडी पुसली आणि झाकणासारखी पार आट्यांत फिरवून घट्ट बसवली, मग काढली. दांडी जास्त खोल गेली, तेल खुणेपर्यंत लागलेलं दिसलं. मी ओरडून सांगितलं, भरलंय. तू बाबांना सांगितलंस, भरलंय. चढावर ते तेवढंसं तेल पार तापून गेलं, इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि बाबा त्या वळणावरच गेले. नंतर इंजिन खोललं तेव्हा आत ओंजळभरही नव्हतं. आईने सगळ्यांसमोर विचारलं, तेल कुणी बघितलं होतं. मी दाराआड उभी होते. तू म्हणालास, मी.

माझी चूक काय झाली ते मला दोन वर्षांनी कळलं. तू एका गिऱ्हाइकाला समजावत होतास की दांडी फिरवून बघायची नाही, माप खोटं येतं. मी डबा घेऊन आले होते. तू बोलता बोलता माझ्याकडे बघितलंस आणि लगेच दुसरीकडे बघितलंस. तेव्हाच मला समजलं की तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यानंतर मी वीस वर्षं गप्प बसले. तुझ्या नावाने खडे फोडत बसलेय, पण मोठी लबाड मी आहे. आईने तुझ्याशी बोलणं टाकलं, तुझ्या घरचा पाण्याचा घोट घेतला नाही, तुझ्या लग्नात पाहुण्यासारखी येऊन गेली, आणि मी तिच्या शेजारी बसून हे सगळं बघितलं. आणि तू हे होऊ दिलंस. मला न विचारता माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीस आणि मला आयुष्यभर लहान ठेवलंस. दुनियेची मापं तपासणारी बाई, आणि पहिलंच माप खोटं दिलेलं. कुणी सांगितलं होतं तुला एवढा मोठा भाऊ व्हायला?

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. काल दुपारी स्वयंपाकघरात पाणी उकळायला ठेवलं आणि आईसमोर तबकडी बुडवली. ती म्हणाली, हे काय नवीन. मी तिला वीस अंश सांगितले, लाल ठिपका सांगितला, मोरी सांगितली, आणि मग मागे मागे जात दांडीपर्यंत आले. गॅस तिनेच बंद केला. माझ्याशी ती अजून धड बोलत नाहीये, ते माझं मी बघेन. आज सकाळी तिने एवढंच विचारलं, की वर गेलं की त्याचं गॅरेज डावीकडे लागतं की उजवीकडे. बावीस वर्षांत तिला हे माहीत नव्हतं. येत्या रविवारी ती माझ्या मागे बसून येतेय. बस आहे म्हटलं तर नको म्हणाली. तबकडी मी तशीच ठेवली आहे, वीस अंश जास्त, म्हणजे मोरीपाशी काटा एकशेवीसवर येईल आणि आम्ही थांबू. तिला तिथे बसायचंय, किती वेळ ते तिने सांगितलेलं नाही. तेव्हा उशीर झाला तर घाट उतरून शोधायला येऊ नकोस. गॅरेजमध्येच थांब आणि पाणी उकळत ठेव. आधी माझ्या डोळ्यांदेखत तो काटा सत्त्याण्णववर आणायचा. मग उरलेल्या पाण्याचा चहा कर, आईचा बिनसाखरेचा. ती घेणार आहे.

अजूनही तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
भिंगरी