एकतिसाव्या मजल्यावरची वास्तुशांत

गुरुजी, माझ्या मुलाने पुण्यात एकतिसाव्या मजल्यावर घर घेतले आणि त्याची वास्तुशांत मी केली. ती कशी केली हे आपल्यावाचून कोणाला सांगू? तिथे दाराला अंगठा लावला की कुलूप उघडते, अंगणाच्या जागी निळ्या पाण्याचा तलाव आहे आणि बाग गच्चीवर आहे. सारे मुलाच्या कष्टाचे. त्याला मी नावे ठेवणार नाही. कलश मांडण्यापूर्वी मी फक्त विचारले, “मिस्त्री कुठे आहे?” मुलगा कानाशी वाकला. “कोणता मिस्त्री, बाबा? हे बिल्डरने बांधलंय.” मी म्हणालो, “त्याने स्वतः एक तरी फरशी बसवली असेल, तर त्याला बोलाव.”

डोणगावचे ते व्यापाऱ्याचे नवे घर आपल्याला आठवत असेल. मी नुकताच विधी पाठ केलेला, पळीत पाणी घेऊन ऐटीत संकल्प सुरू करतो आहे, आणि भिंती उभारणारा मिस्त्री बाहेर लिंबाखाली बसला आहे. आपण माझे मनगट धरता. “काऊन बे, ह्या भिती तुह्या मंत्रानं उभ्या राह्यल्या का? जाय, त्याले आत आण. पह्यलं गंध त्याच्या हाताले!” भरल्या घरात माझे कान तापले. पण त्यानंतर जानेफळच्या पंचक्रोशीत मी जितक्या वास्तुशांती केल्या, तितक्यांत पहिले गंध, पहिले श्रीफळ आणि टॉवेल-टोपीचा मान मिस्त्रीचाच राहिला.

पुण्याच्या घरात तेवढ्यात इमारतीचा व्यवस्थापक आला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, वाणी मऊ. “काका, ताबा दिल्यावर लेबरला वर परवानगी नाही. रहिवासी तक्रार करतात.” शेजारच्या टॉवरचे काम चालू होते, ज्यांनी ही फरशी घातली तीच माणसे खिडकीतून तिथे दिसत होती. मी पोथी मिटली. सोफ्यावर मुलाच्या कचेरीतले वरिष्ठ घड्याळे पाहू लागले. “बाबा, साहेबांसमोर हट्ट नका करू. मुहूर्त चाललाय.” “मुहूर्त जाऊ दे,” मी म्हणालो. व्यवस्थापकाने विचारले, “पण काका, हे शास्त्रात आहे का?” “आहे,” मी म्हणालो, “मिस्त्रीवाचून पूजा झाली तर वास्तूला दोष लागतो.” तो बाजूला जाऊन फोनवर बोलला आणि परतून म्हणाला, सामानाच्या लिफ्टने आणतो. मी उठलो. “मग मी खाली जातो आणि त्याच्याबरोबर त्याच लिफ्टने वर येतो.” आणि आलो, गुरुजी, सोवळ्यात, सिमेंटच्या गोण्यांना खेटून.

मिस्त्री आपल्या मुलुखातल्या उंद्रीचाच निघाला. उंबऱ्यापाशी थबकून म्हणाला, “महाराज, ह्या घरात दोन महिने राबलो, पण चपला घालून. आज पह्यल्यांदाच काढून राह्यलो.” साहेब हसले, तोही हसला. भेगाळलेल्या तळहातावर गंध ठरेना. मी पुन्हा लावले. उठताना त्याने बोटाच्या पेराने फरशी ठोकून पाहिली. “मालक, हे एक पोकळ वाजते. उद्या बदलून देतो. पण मले वर येऊ देतीन का?”

बसस्थानकावर मुलगा म्हणाला, “तुम्ही मला तोंडघशी पाडलंत.” मी क्षमा मागितली नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही, आणि तरीही तोच प्रसंग उद्या आला तर मी पुन्हा पोथी मिटेन.

हे पत्र मी आधीच्या पत्रांसारखे पोथीच्या बासनात ठेवून देणार नाही, आपल्याला पाठवणार आहे, कारण त्यात एक गोष्ट कबूल करायची आहे. घरी येऊन मी आपण शिकवलेली पोथी दोनदा पाहिली. मिस्त्रीच्या गंधाविषयी तीत एक ओळही नाही. ते केवळ आपले सांगणे होते. शास्त्राच्या नावाने मी असत्य बोललो आणि प्रायश्चित्त घेतलेले नाही, घेणारही नाही. आपले नाव सांगितले असते, गुरुजी, तर त्या व्यवस्थापकाने लिफ्ट उघडली नसती.