दोन मापांचा हात

रत्नागिरी

नाटे मुक्कामी चि. लवू यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

इथे सगळी बरी आहोत. तू आणि आनंदी कशी आहात? होड्या लागल्या का पाण्यात? फोन केला असता, पण सून कान टवकारून बसते, म्हणून कागद घेतला.

अनिलने ईशाला मोठी गिटार आणली. आधीची लहान होती. हिची दांडी जाड, पट्ट्या लांब लांब. पोरीची बोटं जुन्या जागी पडतात आणि सूर भलताच निघतो. परवा रडत बसली. मी म्हटलं, "रडतेस काय? मी मिठासाठी डावीकडे हात घालते तर इथे भिंत लागते. मी रडते का?"

तिचे सर म्हणाले, दोन्ही गिटारी रोज वाजव, म्हणजे हात दोन्ही मापं धरून ठेवील. एकच वाजवलीस तर दुसरी विसरशील.

अनिल मला नाट्याच्या घरी सोडत नाही. "आई, तिकडे पडलीस तर कोण बघणार?" म्हणतो. जसा काय इथे तिसऱ्या मजल्यावर मला बघायला गाव लोटतोय.

काल हात न बघता उजवीकडे गेला आणि मिठाच्या बरणीवरच पडला. सून म्हणाली, "बघा, रुळलात की!" तिला वाटलं मी लाजले. मला धडकी भरली होती. उद्या आपल्या चुलीपुढे बसले आणि हात चुकला तर?

तू मामा म्हणून न्यायला आलास तर अनिलला नाही म्हणता येणार नाही. चार दिवसांसाठी नेतो म्हण. आनंदीला सांग, चूल सारवून ठेव, पण मीठ हलवू नको.

तुझी वाट बघणारी,
ताई